मामांचा मळा आणि कर्णिक बाई

आमच्या शाळेची चौथीची सहल दर वर्षी पांडवलेण्याला जाते. मुलं पायऱ्या चढतात, डबे खातात, एक-दोघांचे गुडघे फुटतात आणि दिवेलागणीच्या आत सगळी आपापल्या घरी पोचतात. या वर्षी शिक्षकांच्या बैठकीत मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "सर, या खेपेला मुलांना शेत दाखवू या. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांना कांदा झाडाला लागतो असं वाटतं."

सगळे हसले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "पण शेत कोणाचं?"

"माझ्या मामांचं. चांदवडच्या पुढे."

हे सांगताना मला फार बरं वाटलं. मी मूळची नांदगावची. वडील बाजारात हमाली करायचे. सातवीनंतर माझी शाळा सुटलीच होती, पण मामांनी मला आपल्याकडे नेलं, चांदवडच्या हायस्कुलात घातलं. त्यांच्याच घरी राहून मी मॅट्रिक झाले, पुढे नाशिकला येऊन बी.ए., बी.एड. केलं. आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली. मामांचे उपकार फिटण्यासारखे नाहीत, पण नाशिकची मुलं त्यांच्या मळ्यावर घेऊन जावीत, त्यांनी ती डोळे भरून पाहावीत, आणि मुलांनीही 'आमच्या बाई इथल्या' म्हणून सगळं पाहावं, एवढी माझी हौस होती.

"बरोबर आणखी कोण येतंय?" सरांनी विचारलं.

कर्णिक बाईंनी हात वर केला.

कर्णिक बाई तिसरीला शिकवतात. नाशिकच्याच. वडील प्राध्यापक, घरात बाजाची पेटी. त्यांचा आवाज गोड आहे, अक्षर सुंदर आहे, आणि कडक इस्त्रीची साडी नेसून त्या खडूचा एक डागही न पडता दिवसभर शिकवतात. पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या असतात. वाईट म्हणावं असं त्यांच्यात काहीच नाही, आणि हेच मला सर्वांत जड जातं.

माझ्या वर्गात मनीषा नावाची एक मुलगी आहे. बारीक, दोन वेण्यांची, कमी बोलणारी. ती रोज शाळेच्या फाटकापाशी थांबते आणि माझी करंगळी धरून वर्गापर्यंत येते. एवढंच. पण त्या करंगळीच्या जोरावर माझा दिवस चांगला जातो.

एस.टी.त

शनिवारी सकाळी खास ठरवलेली एस.टी. निघाली. मी मुलांच्या जोड्या लावल्या होत्या: ज्याने त्याने आपल्या जोडीदाराचा हात धरायचा, बसमध्ये, शेतात, कुठेही सोडायचा नाही. लहानपणी येवल्याच्या बाजारात गेलं, की आई माझ्या झग्याचं टोक आपल्या पदराला गाठ मारून बांधायची. गर्दीत मी हरवले नाही ती त्या गाठीमुळे. चाळीस-एक मुलांना पुरेल एवढा पदर कोणाजवळ असतो? म्हणून जोड्या.

मनीषाची जोडी लताशी होती. दोघी माझ्या बाकावर येऊन बसल्या. ओझर गेलं तोवर मनीषाच्या हातात माझी करंगळी होती. मग मागून कर्णिक बाईंनी गाणं सुरू केलं. एकेक मूल मागे सरकू लागलं. पिंपळगावच्या अलीकडे लता उठली, आणि जोडीदाराचा हात सोडायचा नाही हा नियम मीच केलेला, म्हणून मनीषाही उठली.

"बाई, जाऊ?"

"जा ना," मी म्हटलं.

पुढच्या बाकावर एका मुलाला उलटी झाली. ती मी निस्तरली. मागे गाणं रंगात आलं होतं. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "बाई, तुमी उलटीवाल्या आन् त्या गान्यावाल्या, अशी वाटनी हाय का?" तो गंमत करत होता. मी हसले. पण ते वाक्य चांदवडचे डोंगर दिसेपर्यंत माझ्या डोक्यातून गेलं नाही.

चांदवडला आलं की त्या डोंगरांची रांग एकदम समोर येते, माथे सुरीने कापल्यासारखे सपाट. शाळेत असताना मी रोज ते बघायची. मी मागे वळून मुलांना म्हटलं, "ते बघा, ते माझे डोंगर." मुलांनी पाहिलं. कर्णिक बाई म्हणाल्या, "अगं बाई, किती सुंदर!" आणि मुलं डोंगरांकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघून "किती सुंदर!" म्हणू लागली.

मळ्यावर

मामा बांधावरच उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला नवी टोपी. मला वाटलं, आता ते म्हणतील, 'आली माझी भाची!' त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला हे खरं, पण डोळे माझ्या मागे होते.

"या, या बाई. लय त्रास झाला आसंल. रस्ता कसला वंगाळ! ए, खुर्ची आना रे बाईंना!"

घरात एकच खुर्ची आहे. ती मामांच्या मुलाला हुंड्यात मिळालेली, तिच्यावर एरवी कोणी बसत नाही. ती चिंचेखाली आली. चहाही आला: कर्णिक बाईंना कपबशीत, मला पितळेच्या पेल्यात. त्या घरात मी वर्षानुवर्षं त्याच पेल्यातून चहा प्यायले आहे. पण त्या दिवशी तो पेला हाताला फार गरम लागला.

"कांदे बघा बाई," मामा कर्णिक बाईंना सांगत होते. "हे रांगडे. पात पडली की काढायचे. आन् ही मोटार. गेल्या साली लाइट आली आपल्याकडं. मोट बंद केली. बैलांना सुट्टी!" आणि ते हसले. मोटारीची बातमी त्यांनी मला पत्रातही कळवली नव्हती.

मी कर्णिक बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "इथे तीन गोष्टी सांभाळायच्या. मोटारीच्या खोक्याला कोणी हात लावायचा नाही. तांबडा बैल मारका आहे. आणि सर्वांत मोठी म्हणजे विहीर. तिला कठडा नाही. मुलं त्या बाभळीच्या पुढे जाता कामा नयेत."

"हो हो, अगदी," त्या म्हणाल्या, आणि मुलांना जवळ बोलावून बाभळीपाशी एक रेघ ओढली. त्यांनी ऐकलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

इतक्यात घराच्या दारातून मामींची हाक आली. "शकू, ये गं! पीठ पडलंय. येवढ्या पोरांच्या भाकरी कवा व्हायच्या?"

"मामी, मला मुलांकडे बघायचंय."

"त्या बाई हायेत की बघायला. त्या पाहुन्या, त्यांना काय चुलीपुढं बसवू? तू आपली हायेस."

 मी नोकरीला असो, बी.ए. असो, मामाच्या घरी आलेली भाची उंबरा ओलांडून आत गेली नाही तर गावभर चर्चा होते. मी पदर खोचला आणि चुलीपुढे बसले.

नाशिकच्या मुलांना वाटतं, सहलीला गेलं की डबा खायचा. इथे डबा काढणं म्हणजे यजमानाचा अपमान. वांग्याचं भरीत, पातीच्या कांद्याचा झुणका, शेंगदाण्याची चटणी, भाकरी, वर गूळ. मामींनी पहाटेपासून तयारी केली होती. माझ्या हाताखाली भाकऱ्या भराभर उतरत होत्या आणि बाहेरून हसण्याचे आवाज येत होते. हरभऱ्याचे टहाळे सोलायला कोणी शिकवलं? कर्णिक बाईंनी. त्यांना कोणी शिकवलं? मामांनी, आत्ताच. "बाई, हा बघा किडा!" "बाई, हे बघा फूल!" 'बाई' म्हणून आलेल्या एकाही हाकेत मी नव्हते.

"आवाज गोड हाय हां त्यांचा," मामी म्हणाल्या.

"हो."

"आन् रंग तर काय, केतकीवानी."

"मामी, भाकरी करपतेय."

मग मी धुराने डोळे पुसत दारापर्यंत गेले. कर्णिक बाई बाभळीच्या अलीकडे, रेघेच्या आत, मुलांना घेऊन उभ्या होत्या आणि विहिरीवर लोंबणारी सुगरणीची घरटी दुरून दाखवत होत्या. "नर बांधतो बरं का ही, मादी नाही. चोचीने विणतो. असं एखादं घरटं आपल्या वर्गात असतं तर किती छान झालं असतं!"

मनीषा त्यांच्याकडे मान वर करून बघत होती. हातात त्यांची करंगळी होती. डाव्या हाताची. माझीही ती डावीच धरते.

मी परत आत गेले.

पंगत

जेवायला मुलं चिंचेखाली बसली. कर्णिक बाईंनी प्रत्येक डोक्याला हात लावत मोजली आणि मला हाक मारून म्हणाल्या, "जितकी आणली तितकी आहेत हं. वाढायला घ्या."

मी भाकऱ्यांची टोपली घेऊन निघाले. खाली वाकून वाढताना मुलांचे चेहरे दिसत नाहीत, मांड्या घातलेले पाय दिसतात. कॅनव्हासचे बूट, सँडल, रबरी चपला. मग पायांची एक जोडी आली, त्या पायांत काहीच नव्हतं. अनवाणी, टाचांना भेगा, घोट्यापर्यंत पांढरी माती.

मी वर पाहिलं. मामांची नात सुमी. शनिवारची सकाळची शाळा सुटून आली होती, अंगावर जिल्हा परिषदेच्या शाळेचा गणवेष: पांढरा ब्लाउज, निळा स्कर्ट. आमच्या शाळेचाही तोच.

"सुमे, तू इथे कशी?"

"मला बी यांच्यासंगं जेवायचंय आत्या. तिथं हिच्याशेजारी जागा व्हती."

शेजारी लता बसली होती. लताचा हात मोकळा होता.

"मनीषा कुठे?"

लता रडवेली झाली. "ती म्हणाली, तू थांब, मी येते. बाईंना सांगू नकोस म्हणाली. बाईंना गंमत दाखवायचीय."

कोणत्या बाईंना, हे मी विचारलं नाही. टोपली तिथेच ठेवली. मामा, कर्णिक बाई आणि मी बाभळीकडे पळालो. रेघ जिथल्या तिथे होती.

विहिरीवर मोट चालायची तेव्हाचे दोन लांब दगड अजून तसेच आहेत. मोटेचं चाक बसवण्यासाठी ते काठावरून आत, पाण्यावर पुढे काढलेले. चाक काढून टाकलं, दगड राहिले. त्यातल्या एका दगडावर, घोड्यावर बसावं तसे दोन्हीकडे पाय सोडून मनीषा बसली होती, अगदी टोकाला. एका हातात सुगरणीचं घरटं. घरटं हाताला आल्यावर तिने बहुधा खाली पाहिलं असावं, कारण ती आता ना पुढे सरकत होती ना मागे.  खाली खोल, काळंशार पाणी.

कर्णिक बाईंचं तोंड उघडलं. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या हाताचं पीठ त्यांच्या गालाला लागलं.

"ओरडू नका. हाक मारली की ती मान वळवील."

मामा धोतर सावरत पुढे सरले. मी म्हटलं, "मामा, दगड तुमचं वजन घेणार नाही." ते थांबले. मीच चप्पल काढून पालथी झाले, दगडावर पोट टेकलं. पण मनीषा घाबरून हलली असती तर माझा हात पोचायच्या आत ती गेली असती. तिला कोणीतरी बोलण्यात गुंतवून स्थिर ठेवायला हवं होतं. आणि ती कोणाचं ऐकून स्थिर राहील हे मला माहीत होतं. त्या क्षणी मला जेवढं ठाऊक होतं तेवढं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"तुम्ही बोला तिच्याशी," मी कर्णिक बाईंना म्हटलं. "तुमचं ऐकेल ती."

त्यांचे ओठ कोरडे पडले होते. पण आवाज निघाला, आणि तोच गोड आवाज. "मनीषा, घरटं मिळालं का गं? वळू नकोस हं. मला इथूनच सांग, आत काय आहे?"

"कापूस," मनीषा म्हणाली.

"आणि?"

"माती. ओल्या मातीचा गोळा."

"शाब्बास. आणखी नीट बघ. अंडं आहे का?"

मी सरकत होते. दगडाची कड कोपराला सोलत होती. माझ्या वर्गातली मुलगी, माझ्या मामाच्या विहिरीवर, दुसऱ्या बाईंशी बोलत होती, आणि मी देवाला सांगत होते, बोलू दे तिला, अशीच बोलू दे. आयुष्यात मी असं काही मागेन असं वाटलं नव्हतं.

"अंडं नाही, बाई. पीस आहे एक," मनीषा म्हणाली, आणि माझा हात तिच्या स्कर्टच्या पट्ट्यात गेला. दुसऱ्या हाताने मी तिला कमरेशी आवळली. मामांनी माझे पाय धरले आणि आम्हा दोघींना एकदम मागे ओढलं.

जमिनीवर आल्यावर मी तिला सोडलं. ती उठली, माझ्या हातांवरून पाय टाकून पलीकडे धावली आणि कर्णिक बाईंना मिठी मारून रडू लागली.

"तुमच्यासाठी आणलं," हुंदक्यात म्हणाली, आणि घरटं पुढे केलं.

गाठ

 मामा कुऱ्हाड घेऊन गेले आणि बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून विहिरीभोवती रचू लागले. कोणाला मदतीला बोलावलं नाही, कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. मामींनी माझ्या कोपराला हळद लावली आणि पुटपुटल्या, "तुला चुलीपुढं बसवलं आन् हे झालं." मी म्हटलं, "नाही मामी, कुठेही होतं हे." खरंच तसं होतं का, मला माहीत नाही.

जेवणं झाली. भरीत तिखट होतं, मुलांनी गूळ लावून भाकरी खाल्ली. एक मुलगा म्हणाला, "आमच्या आईपेक्षा भारी भाकरी आहे!" ती मी केलेली होती हे त्याला कोणी सांगितलं नाही. मीच सांगितलं. तो म्हणाला, "खरं, बाई?" आणि आणखी एक मागितली. ती मी त्याला चांगली फुगलेली दिली.

पुढचा सबंध वेळ मी मनीषाला सोडलं नाही. तिच्या स्कर्टच्या पट्ट्याला माझ्या पदराचं टोक बांधलं, आई बांधायची तशी, दोन गाठींची. मुलं हसली. कर्णिक बाई हसल्या नाहीत. कांद्याच्या वाफ्यातून आम्ही तिघी चाललो: मनीषाचा पट्टा माझ्या पदराला बांधलेला आणि तिचा हात कर्णिक बाईंच्या हातात. बांधलेली होती माझ्याकडे. धरलं होतं तिने त्यांना.

निघताना मामींनी सगळ्या मुलांना मूठमूठ शेंगा दिल्या. मामांनी कर्णिक बाईंना कांद्याची जुडी दिली. "पुन्हा या बाई. घर तुमचंच हाय." मला त्यांनी काही दिलं नाही. फक्त बस सुरू झाल्यावर खिडकीपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "शकू, येवढं धाडस करू नगंस पुन्हा. मी तुझ्या बापाला काय सांगितलं आसतं?" मग टोपी डोळ्यांवर ओढून मागे वळले.

परतताना मुलं झोपली. मनीषाही झोपली, कर्णिक बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून. मी तिच्या पलीकडच्या बाजूला, गाठ सुटू नये म्हणून अंग आखडून बसले होते. मध्येच कर्णिक बाई म्हणाल्या, "माझ्या त्या एका वाक्याने झालं हो सगळं. घरटं असतं तर, म्हणाले मी."

"तुम्ही रेघ तर ओढली होती," मी म्हटलं.

"रेघेने काय होतं? तुम्ही होतात म्हणून."

असं त्या म्हणाल्या. मला तेही आवडलं नाही. इतकं चांगलं बोलणं त्यांनी थोडं माझ्यासाठी ठेवायला हवं होतं.

नाशिकच्या स्टँडवर पालक उभे होते. मनीषाची आई धावत आली. मी गाठ सोडली. आम्ही दोघींनी मिळून तिला सगळं सांगितलं, लपवण्यासारखं ते नव्हतंच. ती ऐकताना पांढरीफटक पडली. मग तिने माझे दोन्ही हात धरले. कोपराला लागलं तेव्हा मी 'स्स' केलं. मनीषाने माझ्या कोपराकडे पाहिलं, हळदीकडे पाहिलं. मग ती आईबरोबर निघाली आणि चार पावलांवरून वळून तिने हात हलवला. आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. तो हात कोणासाठी होता, हे मी ठरवू शकले नाही. कर्णिक बाईंनीही उत्तरादाखल हात हलवला होता.

सोमवारी फाटकापाशी मनीषा उभी होती. तिने माझी करंगळी धरली. 

ते घरटं शिक्षकांच्या खोलीत कर्णिक बाईंच्या कपाटावर आहे. वारा आला की त्यातला कापूस हलतो. परवा सरांनी पुढच्या वर्षीच्या सहलीचा विषय काढला. विहिरीचं त्यांना माहीत होतं. म्हणाले, "पांडवलेणीच बरी."

"नाही सर," कर्णिक बाई म्हणाल्या. "मामांचं पत्र आलंय मला. कठडा बांधून झाला. मुलांना घेऊन या म्हणतात."

मामांचं पत्र. त्यांना.

"चालेल," मी म्हटलं. "पण या वेळी भाकरी तुम्ही थापायच्या. मी मुलांजवळ राहते."

"मला कुठे येतात हो?" त्या हसल्या. "पण मामी शिकवतील की. मला फार आवडेल त्यांच्याजवळ बसायला."

सरांना ते पटलं. बैठक संपली. घरी येऊन मी कणीक मळायला घेतली आणि माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं: मामींची चूल, तिच्यासमोरचा तो गुळगुळीत पाट, ज्यावर बसून मी परातीत पहिली भाकरी मोडली आणि मामी ओरडल्या नाहीत. त्या पाटावर इस्त्रीची साडी खोचून बसलेल्या कर्णिक बाई. आणि मामी त्यांना म्हणताहेत, 'तू आपली हायेस.' बाहेर चिंचेखाली मला कोणीतरी खुर्ची आणून देतंय. कपबशी.

 मी हात धुतले आणि मामींना पत्र लिहिलं. लिहिलं की सहल नक्की येते आहे. भाकऱ्या दर वेळेप्रमाणे मीच करीन, त्या कोणालाही शिकवू नका. फक्त तेवढ्या दिवसापुरती चूल अंगणात मांडा, विहिरीकडे तोंड करून.